एक डोळा झाकून बघा, आणि घरचं काही लपवू नका

“मला सगळं दिसतंय हो, फक्त जवळचा नंबर काढून द्या.” तालुक्याच्या दवाखान्यात डोळे तपासताना हे मी रोज ऐकतो. साठी ओलांडलेले एक काका असंच म्हणत खुर्चीत बसले. उजवा डोळा झाकायला सांगितला, तर त्यांना समोरचा तक्ताच दिसेना. “हे कधीपासून?” मी विचारलं. ते गोंधळून माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. डावा डोळा गेलाय हे त्यांना त्या क्षणी कळलं. उजवा डोळा दोघांचं काम एकटा ओढत होता.

काचबिंदू होता. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “वडिलांनाही शेवटी दिसायचं नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारपण.”

ही एक गोष्ट वीस वर्षांपूर्वी कुणीतरी विचारली असती, किंवा काकांनी आपण होऊन सांगितली असती, तर तो डोळा बहुधा राहिला असता. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नजर परत मिळते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. तो बहुधा दुखत नाही. बहुतेकांची नजर कडेकडेने खात येतो, आणि मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहतं. म्हणून तक्त्याची खालची ओळ वाचली की सुटलो, असं समजू नका. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल, तर तुम्हाला धोका जास्त आहे. चाळिशी लागल्यावर चष्म्याच्या दुकानातून नुसता नंबर काढून परतू नका. डोळ्यातला दाब आणि आतली नसही तपासून घ्या.

आम्ही प्रश्न विचारतो तेव्हा कंटाळू नका, ती तपासणीच असते. शुगर किती वर्षांपासून आहे? बीपीच्या गोळ्या? लहानपणी डोळ्याला मार लागला होता का? खाज येते म्हणून मेडिकलमधून आणलेले थेंब महिनोन्‌महिने घालताय का? त्यात स्टिरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. ती बाटली सोबत आणा, रिकामी असली तरी आणा. शुगर असेल तर दिसायला काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्याच. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन या.

तक्ता वाचताना प्रामाणिक राहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. डच डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तो तयार केला, आणि सहा मीटरवरून एकेक डोळा मोजण्याची ती साधी रीत आजही कामाची आहे. कागदावर ६/६० लिहिलं, तर निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर तुम्हाला ६ मीटरवर यावं लागलं तेव्हा दिसलं. पण रांगेत पुढच्याचं ऐकून अक्षरं पाठ केली, बोटांच्या फटीतून डोकावलात, डोळे बारीक केलेत, तर हा आकडा खोटा ठरतो. फसवणूक आमची होत नाही. वाचता येत नसेल तर लाजू नका. आडव्या-उभ्या ‘ई’चा तक्ता असतो, त्याचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवलं की झालं.

लहान मुलांची मला जास्त काळजी वाटते. जन्मापासून एका डोळ्याने कमी दिसणारं मूल तक्रार करत नाही, कारण जगाला असंच दिसतं असं त्याला वाटतं. असा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टीने सुधारण्याची आशा सर्वांत जास्त असते. पुढे ती कमी होत जाते. शाळेत घालण्याआधी तपासून घ्या.

आणि अचानक दिसेनासं झालं, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं वाटलं, विजा चमकू लागल्या, तर शिबिराची वाट बघू नका, त्याच दिवशी या.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या प्रत्येकाला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करा. आधी एक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला लावा, मग दुसरा. आजी-आजोबांनाही वगळू नका. ज्याचा एक डोळा मागे पडेल, त्याला उद्या सकाळीच दवाखान्यात घेऊन या.