शंभर पावलांचे अंगण

काही महिन्यांपूर्वी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. तक्रार गुडघ्यांची होती. पण तपासताना लक्षात आले, की मांडीचे स्नायूच अधिक खंगले आहेत. "रोज किती चालता?" मी विचारले. आजी म्हणाल्या, "चालायचं कुठं, डॉक्टर? फाटकाबाहेर गाड्या आणि फाटकाच्या आतही गाड्याच." सुनेने पुस्ती जोडली, "पावसाळ्यात खाली घसरल्या, तेव्हापासून घराबाहेर पडायलाच तयार नाहीत."

'रोज अर्धा तास चाला' हा सल्ला मी पंचवीस वर्षे देत आलो आहे. चालावे कोठे, हे मात्र मी क्वचितच विचारले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पासष्टीपुढील २८ ते ३५ टक्के माणसे दरवर्षी पडतात. हाड मोडले नाही, तरी मनात भीती बसते. भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की स्नायू क्षीण होतात, तोल सावरता येत नाही आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र गोळीने तुटत नाही. त्यासाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सांगितले जातात. अनेक वृद्धांना बागेपर्यंत जाणेच अवघड असते. त्यांना दारापासून शंभर पावलांत सपाट, सुरक्षित जागा हवी.

जुन्या पुण्यात ती होती. वाड्याचा फरसबंदी चौक, दारातला ओटा, झाडाभोवतीचा पार ही म्हाताऱ्यांची आणि मुलांची हक्काची ठिकाणे होती. सदाशिव पेठेतल्या नागनाथ पाराने ते नाव अजून जपले आहे. वाडे पडले, इमारती उभ्या राहिल्या आणि फरशीवर वाहने आली. फरशी नाहीशी झालेली नाही. तिच्यावरचा आपला वावर तेवढा संपला.

तो परत मिळवण्याचे दोन मार्ग या शहराने करून पाहिले आहेत. एक, जागा वाटून घेणे. जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने पदपथ रुंद केले, बाके मांडली, मुलांसाठी खेळणी बसवली. दुसरा, वेळ वाटून घेणे. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवला गेला आणि एरवी जीव मुठीत धरून ओलांडावा लागणारा तो रस्ता माणसांना निवांत चालण्यासाठी मिळाला. पुढेही हा उपक्रम झाला.

हेच दोन मार्ग आपल्या सोसायटीतही चालतील. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या दुचाकी, त्यांच्या मालकांना विचारून आणि सर्वसाधारण सभेत ठरवून हलवल्या, तर एक कोपरा कायमचा मोकळा होतो. शिवाय कामावर गेलेल्या गाड्या परतण्यापूर्वी, उन्हे कलल्यावर, तासभर फरशी रिकामीच असते. त्या तासात वाहन आत घेताना वेग कमी ठेवायचा, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले. अग्निशामक गाडीची वाट मात्र अडवू नये.

जागा ठरल्यावर काही गोष्टी जरूर पाहाव्यात. उचकटलेले पेव्हर ब्लॉक नीट बसवून घ्यावेत आणि पावसाळ्यात शेवाळे घासून काढावे. बाक पाठ आणि हात असलेले, साधारण दीड फूट उंचीचे असावे. फार खाली बसले की उठता येत नाही. वॉचमनचे स्वच्छतागृह स्वच्छ आणि ज्येष्ठांसाठी खुले ठेवावे. लघवीच्या धास्तीने खाली न उतरणारे कितीतरी रुग्ण मी पाहतो. संकोचाने ते घरातही बोलत नाहीत. मुलांच्या चेंडूचीही भीती वाटते, म्हणून खेळाचा कोपरा वेगळा ठेवावा. मुलांना हाकलू नये, कारण त्यांचा गलबला ऐकायलाच अनेक आजी-आजोबा खाली येतात.

सुरुवात दहा मिनिटांनी करावी. पायात मागून बंद असलेली पादत्राणे असावीत. कठड्याला धरून टाचा दहा वेळा उचलाव्यात, बाकावरून सावकाश दहा वेळा उठावे-बसावे. पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी असावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी एकदम उठू नये. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे. हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी सल्ला घ्यावा.

त्या आजींच्या इमारतीत एका सभासदाने जुनी मोटार विकली आणि ती जागा बाकांसाठी दिली. सभेत बरीच वादावादी झाली म्हणे. पहिल्या आठवड्यात आजी फक्त बाकापर्यंत गेल्या. परवा तपासणीला आल्या, तेव्हा गुडघे दुखतच होते. पण खुर्चीतून उठताना त्यांनी सुनेचा हात मागितला नाही.

आज संध्याकाळी आपल्या घरातील ज्येष्ठांबरोबर दारापासून शंभर पावले चालून पाहा. वाटेत काय काय आडवे येते, त्याची यादी करा आणि पुढच्या सभेत ती वाचून दाखवा.