‘मी बरी आहे’च्या पलीकडे

परवा आमच्या कॉलनीत पेढे वाटले गेले. शेजारच्या ताईंची लेक पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली होती. औक्षण झालं. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, सगळं वजन करून बॅगेत बसलं. ‘दोन वर्षं काय, बघता बघता जातील,’ असं ताई म्हणाल्या आणि तिथेच बसलेली त्यांची भाची हळूच बोलली, ‘‘मावशी, तिला रोज फोन कर, पण नुसतं ‘जेवलीस का?’ विचारू नकोस. मी वर्षभर न जेवता ‘हो’ म्हणायचे.’’

घरात एकदम शांतता पसरली. ही भाची तिथूनच मास्टर्स करून आली आहे. तिच्या आईनं कौतुकानं दाखवलेले फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. बर्फ, जुना पूल, रंगीत पानं... त्या फोटोंमागचं त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तिच्याकडे दुपारचे साडेचार व्हायचे, आणि डिसेंबरात तेवढ्यातच अंधार पडायचा. रविवारी बहुतेक दुकानं बंद. वाणसामान शनिवारी आणायचं विसरलं की दिवसभर ब्रेडवर भागवायचं. घरी कधी चहाचा कप न विसळलेली ही मुलगी एका हॉटेलात भांडी घासत होती. त्यात कमीपणा काहीच नाही, पण घरी मात्र ‘ऑफिसात पार्टटाइम आहे’ असं सांगितलेलं. आणि पहिल्याच सेमिस्टरला एक पेपर राहिला. तिथं मार्कांची रीत आपल्या उलटी. १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे कसंबसं पास आणि ५ म्हणजे नापास. बऱ्याच विद्यापीठांत एकाच विषयात तीनदा नापास झालं, तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. ही दोनदा नापास झाली होती. घरी म्हणायची, ‘‘रिझल्ट लागायचाय अजून.’’

मैत्रिणींनो, का लपवलं असेल तिनं? मुलगी खोटारडी नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे होतं ते बँकेकडे तारण ठेवलेलं घर.

हा हिशेब आपणही समजून घ्यायला हवा. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे आपण ऐकतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते हे खरं, पण सगळीकडे नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. आणि राहणं-खाणं कुठेच फुकट नाही. व्हिसासाठी सहसा वर्षाच्या खर्चाचे पैसे ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. तिथं गेल्यावर महिन्याला त्यातले ९९२ युरोच हाती येतात. त्यातूनच खोलीचं भाडं, आरोग्य विमा आणि पोट. नोकरी करायची तर वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा. इकडे शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं.

मुलीच्या बाबतीत आणखी एक ओझं असतं. ‘पोरीवर एवढे पैसे घालवताय?’ असं कोणीतरी म्हटलेलं असतंच. मग तिला वाटतं, आपण नापास झालो तर धाकट्या बहिणीची, गल्लीतल्या चार मुलींची वाट बंद होईल. पेपर एक, पण त्यात नापास व्हायची भीती सगळ्यांच्या वाटची!

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तब्येत मात्र तिथंच ढासळली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत त्या पुण्यात गेल्या. त्यांच्या पदवीचा अभिमान आपण सांगतो, तशी त्यांच्या तब्येतीची आठवणही ठेवायला हवी. त्या काळी पत्राला आठवडे लागत. आता रोज व्हिडिओवर चेहरा दिसतो, तरी मनातलं पोचत नसेल तर त्या फोनचा काय उपयोग?

म्हणून लेक निघण्याआधी, बॅग भरतानाच तिला स्पष्ट सांगा, ‘पेपर राहिला तरी आधी मला सांगायचं. कर्ज आपलं सगळ्यांचं आहे, तुझ्या एकटीचं नाही.’ फोनवर ‘जेवलीस का’ऐवजी ‘आज काय केलंस खायला?’ विचारा. ‘कोणाशी बोललीस आज?’ विचारा. उत्तर सारखंच ‘कोणाशी नाही’ येऊ लागलं तर सावध व्हा. तिथल्या विद्यार्थी-संस्थांमध्ये समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जायला सांगा. त्यात वेडेपणाचा शिक्का नाही. आणि झेपलंच नाही, तर परत येण्याचीही वाट आहे, हे आपल्या तोंडून तिला ऐकू द्या. ही वाट मोकळी आहे हे माहीत असलं की मुली उलट जास्त टिकतात.

ताईंच्या भाचीनं तिसऱ्या परीक्षेच्या आधी अखेर आईला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे क्षणभर आवाजच नाही. मग आई म्हणाली, ‘‘एवढंच ना? तुझ्या बाबांचं दहावीचं गणित दोनदा राहिलं होतं. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ!’’

त्या रात्री पोरगी पोटभर जेवली आणि तिसऱ्या खेपेला पासही झाली. ताईंनी हे सगळं ऐकलं, भरलेल्या बॅगेकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, ‘‘बस जरा इथं. आपलं बोलायचं राहिलंय.’’