मूर्ती जागेवर नसते तेव्हा
(द्वितीय वर्ष कला)

जपानमधील नारा येथील राष्ट्रीय संग्रहालय १८९५ साली लोकांसाठी खुले झाले. तेथील बुद्धमूर्तींच्या दालनात एका वेळी सुमारे शंभर मूर्ती असतात. पण नेहमी त्याच नसतात. काही भांडारात जातात, काही आपल्या मंदिरात परततात, त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. पुस्तकातले चित्र पाहून हजारो मैल गेलेल्या माणसाला नेमकी तीच मूर्ती दिसू नये, हे रुचणे कठीणच!

ही तक्रार मला हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमच्याकडे लांबचा प्रवास जन्मात एकदा घडतो. आई पंढरपूरला एकदाच गेली. त्या दिवशी विठोबा विटेवर नाही, असे कोणी सांगितले असते तर? ‘पुन्हा या’ हे पुन्हा येऊ शकणाऱ्यालाच सांगावे.

तरीही माझे मत फेरबदलाच्या बाजूचे आहे. बुद्धमूर्ती म्हटले की आपल्यापुढे अजिंठा-वेरूळचा पाषाण उभा राहतो. नाराच्या बहुतेक मूर्ती लाकडाच्या. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की लाकूड फुगते, आकसते. वरचा रंग आणि सोन्याचा वर्ख सुटू लागतो. आठशे वर्षे टिकलेले लाकूड आपल्या हौसेपायी झिजवावे काय? होर्युजी मंदिरातील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करतात. ती १९४९ साली आगीत होरपळली, तीही त्यांच्या नकला काढण्याचे काम चालू असताना.

शिवाय यांतल्या पुष्कळ मूर्ती संग्रहालयाच्या मालकीच्या नाहीत. मंदिरांनी त्या विश्वासाने ठेवायला दिल्या आहेत. १८६८ नंतर शिंतो व बौद्ध धर्म वेगळे करण्याच्या सरकारी हुकुमांनंतर बौद्ध मंदिरांची फार मोडतोड झाली. मूर्तींना आसरा हवाच होता. पण ठेव ती ठेव, धन्याने मागितली की परत करायची.

आणि दर्शन पाळीपाळीने देणे ही काही संग्रहालयवाल्यांची युक्ती नव्हे. होर्युजीच्याच युमेदोनो मंडपातील कान्नोनची मूर्ती शतकानुशतके कापडात गुंडाळून बंद होती. १८८४ साली ती फेनोलोसा व ओकाकुरा यांच्यासमोर उघडली गेली. आजही ती वसंतात व शरदात ठरावीक दिवसच दिसते. तारखा आधी ठाऊक असतात, म्हणून कोणी रुसत नाही.

तेव्हा कोणत्याही संग्रहालयाकडे मागणे एवढेच : तारखा आधी जाहीर करा. मूर्ती हलवली की ती कोठे गेली, केव्हा परतणार, याची पाटी तिथे लावा. आपल्याकडे असे फेरबदल होतील तेव्हा ती पाटी मराठीतही असावी, आणि अक्षर जरा मोठे असावे.