खेळ त्यांचा, पैसा आपला, तक्रार कुणाकडे?

पीठ जाडं आलं तर आपण गिरणीवाल्याला सुनावतो. भाजी किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच भाजीवालीपुढे जाऊन उभ्या राहतो. पण मुलं मोबाइलवर जे ऑनलाइन गेम खेळतात, त्यात खातं अचानक बंद झालं, विकत घेतलेली वस्तू गायब झाली किंवा एका रात्रीत नियमच बदलले, तर जायचं कुणाकडे? कंपनीला लिहावं तर ठरावीक छापाचं उत्तर येतं. त्याखाली ना नाव, ना सही.

‘खेळूच नका’ म्हणणं सोपं आहे. पण मुलं खेळताहेत, घरातला पैसा त्यात जातोय. मग जाब विचारायचा हक्क नको का?

आइसलँड या जेमतेम चार लाख वस्तीच्या देशात सीसीपी नावाची कंपनी आहे. तिचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा गेम २००३ साली सुरू झाला. जगभरातले हजारो खेळाडू त्यात एकाच काल्पनिक अंतराळात व्यापार करतात, गट बांधतात, लढाया करतात. एक गावच म्हणा ना! २००७ मध्ये उघड झालं, की कंपनीचाच एक कर्मचारी एका बलाढ्य गटातून खेळत होता आणि त्याने दुर्मीळ आराखडे गैरमार्गाने मिळवले होते. म्हणजे पंचच एका संघाकडून खेळत होता! खेळाडू खवळले. सारवासारव पुरेना, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने खेळाडूंचं एक मंडळ नेमलं. नेमलं कसलं, खेळाडूंनीच मतदान करून नऊ जण निवडून दिले. कंपनीने त्यांना आपल्या गावी, रेक्याविकला बोलावलं, समोर बसून चर्चा केली आणि बैठकीचा वृत्तान्त सर्वांसाठी जाहीर केला.

या मंडळाला अधिकार किती? खरं सांगायचं तर काहीच नाही. सल्ला द्यायचा, शेवटचा शब्द कंपनीचा. सहीपुरती सरपंच ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय मोठे गट एकगठ्ठा मतं देऊन आपली माणसं निवडून आणतात, बरेच खेळाडू मतदानच करत नाहीत आणि आत ऐकलेलं सगळंच बाहेर सांगता येत नाही, तसा करार असतो.

मग उपयोग काय? तो २०११ मध्ये दिसला. कंपनीने खेळातल्या पात्रांसाठी कपडे-दागिने विकायला काढले. एका डोळ्याला लावायच्या चष्म्याची किंमत सुमारे ६० डॉलर, तेव्हाचे अडीच हजारांहून जास्त रुपये! तेवढ्यात कंपनीचं एक अंतर्गत पत्रक फुटलं. पैसे घेऊन आणखी काय काय विकता येईल, याची चर्चा त्यात होती. उद्या पैसेवालाच जिंकणार, या भीतीने खेळाडू खेळातल्याच एका मोठ्या बाजारपेठेत जमले आणि तिथल्या न फुटणाऱ्या स्मारकावर गोळ्या झाडत राहिले. कंपनीने मंडळाला तातडीने बोलावून घेतलं. लढाईत फायदा देणाऱ्या वस्तू पैशांनी विकण्याचा विचार नाही, असं जाहीर करावं लागलं. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख हिल्मार पेटुरसन यांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. त्याच महिन्यात कंपनीने सुमारे २० टक्के कर्मचारी कमी करायचं ठरवलं. चुका वरच्या मजल्यावर होतात, झळ खालीही पोचते, हेही त्यातून दिसलं.

मला वाटतं, नुसत्या मंडळाने हे झालं नसतं आणि नुसत्या गोंधळानेही नाही. बाहेर लोक उभे होते म्हणून आतल्या प्रतिनिधींच्या शब्दाला वजन आलं. आत प्रतिनिधी होते म्हणून बाहेरच्या रागाला बोलणी करायला कुणीतरी मिळालं. बचत गटात, पाण्याच्या मोर्चात आपण हेच अनुभवतो, नाही का?

मुलांच्या खिशावर चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या गेममध्ये खेळाडूंचे, आणि पालकांचेही, निवडलेले प्रतिनिधी असावेत, ही मागणी म्हणूनच मला अवाजवी वाटत नाही. कंपन्या आपणहून ते करणार नाहीत. ईव्हच्या कंपनीनेही अब्रूवर आल्यावरच केलं.

तोवर हातात आहे ते वापरू या. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे या नियमांखाली येणाऱ्या ऑनलाइन सेवांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल साधारण ७ दिवसांत द्यावा लागतो. पैसे भरल्याचा मेसेज पुसू नका, पडद्याचा फोटो काढून ठेवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि मुलाला ‘किती वेळ खेळतोस?’ एवढंच विचारू नका. ‘या खेळात तुमचं ऐकून घेणारं कोण आहे?’ हेही विचारा. त्याने या प्रश्नाचा बहुधा कधी विचारच केला नसेल.