शेजार ओळखायला परक्यांचाच पैसा का?

७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देण्यासाठी परराष्ट्र सचिवांसमवेत कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग बसल्या, तेव्हा देशभर कौतुकाची लाट आली. बडोद्याच्या मंडळींना तर विशेष अभिमान वाटला, कारण कर्नल कुरेशी त्यांच्याच गावच्या आणि सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या. २०१६ मध्ये पुण्यात १८ देशांचा लष्करी सराव झाला, त्यात भारतीय तुकडीचे नेतृत्व याच बाईंनी केले होते. आम्हांलाही आनंद झाला. परंतु त्या कौतुकाच्या गदारोळात जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो आम्ही येथे विचारतो. झालेला निर्णय जगाला सांगण्यासाठी आपण स्त्रियांना पुढे बसविले. तो निर्णय ज्या दालनात होतो, त्या दालनापर्यंत पोचण्याची तयारी स्त्रियांनी करावी म्हणून आपण किती रुपये खर्च करतो?

राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद १९९८ मध्ये निर्माण झाले. तेव्हापासून त्यावर पाच व्यक्ती बसल्या आणि पाचही पुरुष आहेत. परराष्ट्र सचिवपद स्वातंत्र्यानंतर तीन स्त्रियांना लाभले. परराष्ट्र सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी मुथम्माबाई यांना बढतीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. विवाहापूर्वी स्त्री अधिकाऱ्याने सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम त्या काळी खुशाल नांदत होता, आणि त्यावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ मध्ये कोरडे ओढले. नियम गेले, सवयी राहिल्या.

आमचे म्हणणे असे की, भारत आणि त्याच्या शेजारी देशांतील सुरक्षाविषयक स्त्री-तज्ज्ञांची नियमित, दीर्घ मुदतीची देवघेव व्हावी आणि तिचा खर्च भारतीय पैशातून व्हावा. ‘भारतीय पैशातून’ या शब्दांवर आमचा भर अधिक आहे.

ही कल्पना काही नवी नाही. १९९९ मध्ये दिल्लीत मीनाक्षी गोपीनाथ यांनी ‘विस्कॉम्प’ ही संस्था उभी केली ती याच हेतूने. सुरक्षा, संघर्ष आणि शांतता या विषयांत दक्षिण आशियाई स्त्रियांनी अभ्यास करावा, एकमेकींना भेटावे, हा तिचा उद्देश. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव संमत करून स्त्रियांना शांतता-वाटाघाटींत स्थान असावे हे तत्त्व मान्य केले. नेपाळने २०११ मध्ये, बांगलादेशाने २०१९ मध्ये आणि श्रीलंकेने २०२३ मध्ये त्यानुसार आपापले राष्ट्रीय कृती आराखडे केले. २००७ मध्ये स्त्री पोलिसांची पूर्ण तुकडी लायबेरियात पाठवून जगाची वाहवा मिळविणाऱ्या भारताने मात्र असा आराखडा केलेला नाही. परिणामी या क्षेत्रातील परिषदा, पाठ्यवृत्त्या आणि भेटीगाठी यांना पैसा आला तो मुख्यतः अमेरिकेतील प्रतिष्ठानांचा आणि युरोपीय सरकारांचा. बांगलादेशातील अभ्यासक बाई आणि आसामातील अभ्यासक बाई यांची ओळख करून द्यायला मध्यस्थ लागला तो सात समुद्रांपलीकडचा!

आणि तो मध्यस्थ घरी निघून गेला. स्वीडनने २०१४ मध्ये गाजावाजा करून स्वीकारलेले स्त्रीवादी परराष्ट्र धोरण २०२२ मध्ये सरकार बदलताच सोडून दिले. अमेरिकेने २०१७ मध्ये ‘स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा’ असा कायदाच केला होता, पण एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी आपल्या खात्यातील ते काम मोडीत काढत असल्याचे जाहीर केले. १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. इकडे आपल्या सरकारने विदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये कडक केला. एका संस्थेने घेतलेला विदेशी पैसा दुसरीकडे वळविणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तळ्याला दोन्ही बाजूंनी ओहोटी लागली.

या आटण्याबद्दल गळा काढणाऱ्यांत आम्ही नाही. परक्याच्या पैशावर शेजारधर्म चालवू नये, असे आमचे पहिल्यापासून मत आहे. ज्याचा पैसा, त्याचे विषय, हा व्यवहार आहे. विषय वॉशिंग्टनला सुचायचे आणि निबंध ढाक्याला लिहायचे, हे काही ज्ञान वाढण्याचे लक्षण नव्हे. शिवाय त्या परिषदांचा थाटही आम्ही दुरून पाहिला आहे. दोन दिवस, मोठे हॉटेल, प्रत्येकीला एक पिशवी आणि फाइल, शेवटी सामुदायिक छायाचित्र आणि इंग्रजीतले निवेदन. अर्थात सरकारी पैशाचेही निराळे होत नाही. चौतीस वर्षे शासकीय सेवेत काढल्यावर आम्हांला तेवढे कळते. एका खात्यात (नाव घेत नाही) स्त्रियांच्या प्रशिक्षणासाठी आलेली संपूर्ण तरतूद मार्चअखेरीस पिशव्या, पेने आणि चहापान यांवर संपविलेली आम्ही पाहिली आहे. प्रशिक्षण पुढच्या वर्षी घेऊ, असा शेरा होता. उपयोगिता प्रमाणपत्र मात्र त्याच वर्षी गेले.

तेव्हा पैसा कोणाचा याबरोबरच तो कशावर खर्च व्हावा, हेही ठरले पाहिजे. आमच्या मते तो मुक्कामावर व्हावा. या बाबतीत आपल्याच पूर्वजांची रीत सांगण्यासारखी आहे. पेशव्यांचे वकील दोन दिवसांच्या परिषदेला जात नसत. हिंगणे घराणे दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. गोविंदराव काळे हैदराबादेत निजामाच्या दरबारी वर्षानुवर्षे बसले. बाजारातला धान्याचा भाव, दरबारातली कुजबूज, कोणत्या सरदाराचे कोणाशी बिनसले, कोणाचे सैन्य पगारावाचून कुरकुरत आहे, हे सारे त्यांच्या पत्रांतून पुण्याला कळे. हैदराबादकर वाचकांना १७९५ च्या खर्ड्याची आठवण कदाचित सुखाची नसेल! पण त्या लढाईच्या आधी किती पत्रे गेली, हे ध्यानात घ्यावे. शेजार असा राहून कळतो.

म्हणून आमचा आराखडा साधा आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव येथून प्रत्येकी एक स्त्री-तज्ज्ञ सहा महिने भारतात राहावी आणि आपल्याकडील पाच जणींनी त्या पाच देशांत तितकेच राहावे. दरमहा १ लाख रुपये पाठ्यवृत्ती धरली तर दहा जणींचे सहा महिन्यांचे ६० लाख होतात. प्रवास, व्हिसा, विमा यांचे २० लाख. भाषाशिक्षक, ग्रंथालये आणि सीमाभागातील दौरे यांचे २५ लाख. प्रकाशन आणि एका वार्षिक बैठकीचे १० लाख. कार्यालयाचे १० लाख. एकूण सव्वा कोटी. २० कोटींची कायम ठेव ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला १ कोटी ४० लाख व्याज येईल. वरचे १५ लाख मुदलात टाकत गेल्यास महागाईलाही थोडे तोंड देता येईल. आणि मार्चअखेरची घाई नाही, हा आणखी एक फायदा. २०२५-२६ चा देशाचा संरक्षण खर्च ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठरला होता. त्याच्याशी सव्वा कोटीची तुलना केली तर लाख रुपयांमागे अठरा पैसे पडतात. यासाठी नवे खातेही नको. परदेशी अधिकाऱ्यांना विमानभाडे आणि निवास देऊन शिकविण्याची ‘आयटेक’ योजना परराष्ट्र मंत्रालय १९६४ पासून चालवीत आहे. अमेरिकेशी फुलब्राइट पाठ्यवृत्त्यांचा करार आपण २००८ मध्ये निम्म्या खर्चाच्या भागीदारीवर नव्याने केला. बारा हजार किलोमीटर दूरच्या देशाशी निम्मा खर्च वाटून घेता येतो, तर काठमांडूशी का नाही?

आता आक्षेप. ‘स्त्रियांसाठीच वेगळे कशाला?’ हा पहिला. स्त्री स्वभावतःच शांतताप्रिय असते, म्हणून तिला पाठवा, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हांला मान्य नाही. १९७१ चे युद्ध इंदिराबाईंनी लढविले. तज्ज्ञ ही तज्ज्ञ असते. प्रश्न दाराचा आहे. १९९२ ते २०१९ या काळातील जगातल्या प्रमुख शांतता-प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांपैकी स्त्रिया सरासरी १३ टक्के, आणि सह्या करणाऱ्यांत ६ टक्के होत्या. नेपाळचे उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. तेथील माओवादी सैन्यातील संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने पडताळणी केलेल्या १९,६०२ लढवय्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. २००६ च्या शांतता करारावर सह्या मात्र दोन पुरुषांच्या. लढायला चालतात, बसायला चालत नाहीत!

आणि त्या बसत नाहीत म्हणून काय राहून जाते, तेही पाहावे. गंगेच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांसाठी झाला. म्हणजे त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरची. त्यात फराक्का येथे किती क्युसेक कोणाला, हे दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने लिहिले आहे. खुलना भागात खारे पाणी आत शिरल्यावर गोड्या पाण्यासाठी मैलोन्‌मैल कोण चालते आणि त्यापायी कोणती कुटुंबे गाव सोडून सीमेकडे सरकतात, हे त्यात नाही. उद्या त्याच स्थलांतराला आपण सुरक्षेचा प्रश्न म्हणतो आणि कुंपणाची निविदा काढतो. नेपाळच्या खुल्या सीमेवरून मुलींची विक्री होते; तिच्याविरुद्ध सार्कने २००२ मध्ये करारही केला. त्या वाटा ठाऊक असणाऱ्या बहुतेक जाणकार स्त्रियाच आहेत. त्यांना सीमासुरक्षेच्या बैठकीत बोलवावे, असे सहसा कोणाला सुचत नाही; त्यांची गणना समाजकार्यात होते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. परदेशी बाई येऊन सहा महिने राहील आणि काय काय घेऊन जाईल, ही शंका. जे ग्रंथालयात आणि गावच्या चावडीवर मिळते ते गुपित नसते, आणि जे गुपित आहे ते पाठ्यवृत्तीधारकाला कोणी दाखवीत नाही. व्हिसा देणे न देणे सरकारच्याच हाती आहे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. पहलगामनंतर, सिंधू करार स्थगित असताना, पाकिस्तानशी कसली देवघेव? सार्कच्या खास व्हिसाची सवलतही आपण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांना बंद केली. आमचे उत्तर असे की, म्हणूनच वरील यादीत आम्ही पाकिस्तान घातलेला नाही. उरलेल्या पाच शेजाऱ्यांपासून सुरुवात करावी आणि सहावी जागा कागदावर रिकामी ठेवावी. २००० च्या मार्चमध्ये, कारगिलला वर्षही उलटले नव्हते तेव्हा, निर्मलाताई देशपांडे स्त्रियांची बस घेऊन लाहोरला गेल्या. त्याच वर्षी असमा जहांगीर तिकडच्या स्त्रियांना घेऊन दिल्लीला आल्या. निर्मलाताई आपल्याच, नागपूरच्या, ‘अनामिकाची चिंतनिका’ लिहिणाऱ्या पु. य. देशपांडे यांच्या कन्या. त्यांना भाबड्या म्हणणारे तेव्हाही होते. आमचा त्यांच्या मार्गाशी थोडा मतभेद आहे. बसप्रवासाने मने जुळतात, पण मंत्रालयात टिप्पणी लिहायला अभ्यास लागतो. आणि तो अभ्यास करणारी माणसे त्या बसमागून यावयास हवी होती. ती फारशी आली नाहीत, कारण बसचे भाडे कोणीतरी देतो, सहा महिन्यांच्या मुक्कामाचे देत नाही.

सरकार देईल तेव्हा देवो. आपण काय करतो? ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे या व्यवसायाने डॉक्टर आणि एका सेनाधिकाऱ्याच्या पत्नी. १९३१ मध्ये लाहोरला भरलेल्या अखिल आशियाई महिला परिषदेच्या आयोजनात त्या पुढे होत्या. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यातील पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. सयाजीरावांनी १९१३ मध्ये एका तरुणाला तीन वर्षांच्या पाठ्यवृत्तीवर अमेरिकेस पाठविले. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. आणि आमच्या इंदुरास तर या कामी वेगळ्या पैशाची रीतच होती. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लागली आणि पुढे होळकरांच्या घरात दौलत वेगळी, खासगी वेगळी असा हिशेब राहिला. खासगीवर घरच्या स्त्रियांचा अधिकार. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ येथे जे उभारले, ते याच खासगीतून. स्वतःच्या राज्याबाहेर, परमुलखात, दौलतीच्या कारभाऱ्यांना न विचारता.

आज आपल्या मंडळांच्या ठेवी बँकांत आहेत, हे आम्ही हिशेब तपासनीस म्हणून पाहत आलो आहोत. त्यांचे व्याज रंगमंचाच्या पडद्यावर, सभागृहाच्या संगमरवरावर आणि देणगीदारांच्या नामफलकांवर जाते. फलकावरील नावे बहुधा आजोबांची असतात, आजींची क्वचित. आपल्या मुली अभियंत्या होऊन कॅलिफोर्नियात जातात याचे आपल्याला भूषण; एखादीने संरक्षणशास्त्र घेऊन ढाक्यास जायचे म्हटले तर घरात सुतक पडते. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणींची. त्या वरिष्ठ होतील तेव्हा त्यांना शेजारच्या देशातील आपल्या तोलाच्या चार स्त्रिया नावानिशी ठाऊक असाव्यात की नसाव्यात?

आमची सूचना लहान आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि गोवा येथील मंडळांनी मिळून पहिल्या वर्षी एकाच जागेचा भार उचलावा. वरच्या हिशेबाने कार्यालय आणि प्रकाशन वगळून तो साडेदहा लाख येतो. सहा मंडळांत वाटल्यास प्रत्येकी पावणेदोन लाख. पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागाकडे यजमानपदाची विनंती करावी, कारण नवी संस्था काढली की तिचे पहिले तीन वर्षांचे उत्पन्न घटना लिहिण्यात जाते. पैसा भारतीय असल्याने विदेशी देणग्यांच्या कायद्याचा प्रश्न येत नाही. निवड समितीत मंडळाचा एकही पदाधिकारी नसावा, ही आमची एकच अट. ठरावाचा मसुदा आम्ही कार्यवाहांकडे दिला आहे. पुढील वार्षिक सभेत तो मांडला जाईल, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी आपली आकडेमोड सोबत आणावी.