नऊ जणांसाठी साठ हजार



मास्तर पोरांना हक्क शिकवतो तोवर संस्थाचालकाला तो गुणी वाटतो. तोच मास्तर स्वतःच्या हक्कासाठी युनियन बांधतो, त्या दिवशी नालायक ठरतो. मग मेमो, वेतनवाढ बंद, निलंबन, चौकशी. 'यानं युनियन काढली' असं कागदावर कुणी लिहीत नाही. लिहितात 'गैरवर्तन'. काढतात एकाला, दम भरतात सगळ्या स्टाफरूमला.

आणि स्टाफरूम काय करते? मान खाली घालून वह्या तपासते. 'त्याचं जरा जास्तच होतं' म्हणते. मालक अर्धा डाव इथंच जिंकतो.

दक्षिण कोरियातल्या शिक्षकांनी हा डाव कसा उधळला ते बघा. २८ मे १९८९ ला त्यांनी युनियन काढली. सरकारनं ती बेकायदा ठरवली. युनियन सोडतो म्हणून लिहून द्या, नाहीतर चालते व्हा! दीड हजारांवर शिक्षकांनी लिहून दिलं नाही. नोकऱ्या गेल्या. १९९४ साली त्यातले बहुतेक परत वर्गात आले, १९९९ साली युनियन कायदेशीर झाली.

२०१३ साली सरकारनं दुसरा फास टाकला. युनियनचे सभासद सुमारे साठ हजार, त्यात नोकरीवरून काढलेले नऊ. या नऊ जणांना हाकला, नाहीतर युनियनची मान्यता काढतो. हिशेबी माणूस म्हणाला असता, नऊच तर आहेत! युनियननं सभासदांचं मत घेतलं. दोन तृतीयांश मतांनी सांगितलं, हाकलणार नाही. मान्यता गेली. पूर्णवेळ पुढाऱ्यांना शाळेत परत जायचा हुकूम निघाला. न गेलेल्या तिसाहून अधिक जणांना २०१६ साली बडतर्फ केलं. तरी युनियन वाकली नाही. ३ सप्टेंबर २०२० ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारची ती कारवाईच बेकायदा ठरवली.

आपल्याला ही लढाई परकी नाही. संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांनी मुंबईत कामगारांना संपावर उतरवलं होतं. पण मास्तराला कायदा कामगारही मानत नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेला कामावरून काढलं. तिच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे. गिरणी कामगाराला उघडं असलेलं दार मास्तराला बंद.

महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी १९७७ चा वेगळा कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे तीन जणांच्या चौकशी समितीतला एक माणूस खुद्द शिक्षकानं नेमायचा असतो. बडतर्फीचा हुकूम हातात पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. पण भीतीपोटी त्याच्या बाजूनं बसायला एकही सहकारी तयार नसेल, तर हा कायदा चाटायचा काय?

यात आपला मास्तर दोनदा मरतो. बिंदुनामावली दाखवा, राखीव जागा का भरल्या नाहीत, असं विचारणारा तोच असतो. त्याच्या चौकशीच्या कागदात जात लिहीत नाहीत, पण टेबलाभोवती ती बसलेली असते. तासिकेवर राबणाऱ्या पोराला तर काढावंही लागत नाही. पुढल्या वर्षी बोलावलं नाही की झालं!

म्हणून आमचं सांगणं सरळ आहे. युनियनच्या माणसाला आलेला मेमो हा त्याच्या एकट्याचा कागद नाही. तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचा. चौकशीत त्याच्या बाजूनं बसा. ते तीस दिवस बोटावर मोजा. त्याची चूल विझू नये म्हणून दरमहा वर्गणी काढा. आणि वस्तीतल्या पोरांनो, ज्यानं तुम्हाला अक्षर दिलं, त्याच्यासाठी शाळेच्या फाटकावर उभे राहा.

तिथं नऊ जणांसाठी साठ हजारांची युनियन उभी राहिली. आपण आपल्या एकासाठी उभे राहणार की नाही?

जय भीम!