थांबवा आणि झडती घ्या : कायदा, पोलीस आणि आपली मुले



७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले आणि ५२ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवाच्या तालमीला आमच्यापैकी एकाचा मुलगा तबला-डग्गा घेऊन निघाला होता. स्टेशनच्या दारातच पोलिसांनी त्याला बाजूला घेतले आणि पिशवी उघडायला लावली. आतून डग्गा निघाला तेव्हा पोलीसही हसले आणि त्याला लगेच सोडले. घरी आल्यावर मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, माझ्यापुढे तीन गोरी मुले पाठीवर पिशव्या घेऊन गेली. त्यांना कुणी थांबवले नाही."

आरतीनंतर हा विषय निघालाच. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "दोन मिनिटे पिशवी दाखवली तर काय बिघडले? आपल्याच सुरक्षेसाठी आहे ना?" प्रश्न प्रामाणिक होता आणि तो आजही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या काळी अशा झडत्यांसाठी पोलीस बहुधा २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याचे कलम ४४ वापरत. या कलमाखाली ठरवून दिलेल्या भागात कोणालाही थांबवता येई, संशयाचे कारण लागत नसे. परवानगी एका वेळी २८ दिवसांची असे. पण लंडनमध्ये ती २००१ पासून पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि सगळे शहरच 'ठरवून दिलेला भाग' झाले. अपवाद म्हणून आलेली गोष्ट अशी नेहमीची झाली.

सप्टेंबर २००३ मध्ये लंडनच्या डॉकलंड्स भागात शस्त्रास्त्रांचे प्रदर्शन भरले होते. त्याला विरोध करायला निघालेला केविन गिलन हा विद्यार्थी आणि चित्रीकरणाला आलेली पत्रकार पेनी क्विंटन या दोघांची याच कलमाखाली झडती झाली. दोघे कोर्टात गेले. इथल्या सर्वोच्च पातळीवर, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, २००६ साली ते हरले. मात्र १२ जानेवारी २०१० रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इतक्या मोकळ्या अधिकारावर कायद्याचा पुरेसा लगाम नाही, त्यामुळे खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग होतो, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी जुलैमध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी या कलमाचा वापर थांबवला आणि २०१२ च्या कायद्याने ते रद्द झाले. त्याच्या जागी आलेल्या कलमात अट बरीच कडक आहे.

आता हिशेब पाहा. २००९-१० या वर्षात कलम ४४ खाली एक लाखाहून अधिक झडत्या झाल्या. त्यांतून दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी एकालाही अटक झाली नाही. 'आपल्या सुरक्षेसाठी' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

हा प्रश्न इथे नवा नाही. १८२४ च्या भटकेपणाच्या कायद्याचा आधार घेऊन पोलीस नुसत्या संशयावर कृष्णवर्णीय मुलांना पकडत. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टनमध्ये मोठ्या प्रमाणावर झडत्यांची मोहीम झाली आणि पाठोपाठ दंगल उसळली. त्याच वर्षी ती तरतूद रद्द झाली. आजचा मुख्य कायदा १९८४ चा असून त्यात 'वाजवी संशय' ही अट आहे. निव्वळ वर्ण किंवा धर्म हे संशयाचे कारण होऊ शकत नाही.

तरीही संशयाशिवाय झडतीची वाट पुरती बंद झालेली नाही. हिंसाचाराची शक्यता असेल तर १९९४ च्या कायद्याच्या कलम ६० खाली ठरावीक भागात, ठरावीक वेळेपुरती अशी झडती घेता येते. २०२३ च्या कायद्याने निदर्शनांच्या संदर्भातही तसाच अधिकार दिला. विमानतळावर तर संशय नसतानाही सहा तासांपर्यंत चौकशी होऊ शकते, आणि तिथे उत्तर नाकारणे हा गुन्हा आहे.

पोलिसांची बाजूही समजून घ्यायला हवी. चाकूहल्ल्यांत कोवळी मुले मरतात आणि झडतीत चाकू सापडतातही. हा अधिकारच नको, असे आम्ही म्हणत नाही. पण अलीकडच्या वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये दर दहा झडत्यांपैकी सुमारे सात झडत्यांनंतर पुढे काहीच कारवाई होत नाही, आणि कृष्णवर्णीयांची झडती गोऱ्यांच्या सुमारे चौपट प्रमाणात होते. ज्या मुलाला निष्कारण पुन्हा पुन्हा थांबवले जाते, तो उद्या साक्षीदार म्हणून पोलिसांकडे जाईल का?

"आपण तसले नाही, आपल्याला काय त्याचे?" असेही काही जण म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात पारध्यांसारख्या जमातींना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत जन्मानेच गुन्हेगार ठरवले गेले. कायदा १९५२ मध्ये गेला, पण तो शिक्का आजही पुरता पुसलेला नाही. संशय माणसाच्या कृतीवरून न घेता त्याच्या जन्मावरून घेतला की काय होते, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

मुलांना एवढे मात्र जरूर सांगा. झडतीच्या वेळी शांत राहा, पळू नका, हुज्जत घालू नका. कोणत्या कायद्याखाली, कशासाठी आणि का थांबवले, हे नम्रपणे विचारा. नेहमीच्या झडतीत नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नसते, पण वाहन चालवत असाल तर नियम वेगळे आहेत. चारचौघांत कोट, जाकीट, हातमोजे यांपलीकडे कपडे काढायला सहसा सांगता येत नाही. नोंदीची प्रत मागा. ती तीन महिन्यांपर्यंत मागता येते. वागणूक चुकीची वाटली तर तक्रार करता येते, आणि तेव्हा हीच नोंद उपयोगी पडते.

आमच्या त्या ज्येष्ठांना आमचे उत्तर असे : पिशवी दाखवायला हरकत नाही, पण ती माझीच का, हे विचारण्याचा हक्क हवा. तो विचारला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही.

आपले अनुभव आणि मतभेद, दोन्ही आम्हाला अवश्य कळवा.